दोन डोंगरांचा माग

अल्बर्टा, कॅनडा
६ जुलै १९९७

प्रिय पप्पा,

फोनवर आपलं बोलणं होत नाही. मी तब्येत विचारतो, तुम्ही ‘बरी’ म्हणता आणि फोन सुझानबायकडे देता. म्हणून हे पत्र. बायला वाचायला दिलंत तरी चालेल, पण लिहिलं आहे तुम्हाला.

आमच्या वर्कशॉपमध्ये वॉल्टर नावाचा म्हातारा फिटर आहे. बायको गेली, मुलं लांब. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत तो एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा, अंगाने घोड्याएवढा, शिंगं झाडाच्या फांद्यांसारखी. इथे त्याचा रीतसर परवाना मिळतो. यंदा वॉल्टरची कंबर धरली आहे. तो मला म्हणाला, “आधी दोन-तीन महिने डोंगर चालून काढायचा असतो. जनावर कुठे चरतं, कुठे बसतं, कुठून जातं. ते काम तू कर. मग शिकारीला माझ्याबरोबर ये.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते बायकोला, ज्युलीलाही नीट सांगता आलं नाही. तिची वृद्धाश्रमातली ड्यूटी शनिवार-रविवारीच असते आणि मला घरात बसवत नाही. खिडकीतून डोंगर दिसतो, चहा निवून जातो. या देशात येऊन दोन वर्षं झाली, पण संध्याकाळी कुठे जायचं ते अजून कळलेलं नाही.

पण डोंगरात वाट म्हणून नाहीच. देवदार उन्मळून एकावर एक पडलेले, त्यांच्यावरून चढायचं आणि उतरायचं. उतारावर सुटे दगड, पाय ठेवला की सगळा उतारच खाली निघतो. तीन शनिवार झाले, खारींशिवाय काही दिसलं नाही.

शिकारीच्या आधी तुम्ही आठवडाभर तुंगाराच्या डोंगरावर जायचात. काय बघत होतात? मी दहा वर्षांचा झालो की मला नेणार होतात. मी दहाचा झालो आणि त्याच वर्षी शिकारबंदी आली.

तुमचा,
स्टॅनी


गिरीज, वसई
२५ जुलै १९९७

चि. स्टॅनी यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू आजवर माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्यास, एक सायकल आणि दुसरी बहारीनला जायची परवानगी. ही तिसरी. म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

पहिली गोष्ट, जनावर शोधू नकोस. जनावर शोधणारा माणूस समोर बघत चालतो आणि पाय मुरगळून घेतो. तू खाली बघ. काय खाल्लं आहे, कोणता कोंब तुटला आहे, तुटल्याजागी ओल आहे का. लेंडी दिसली तर बोटाने दाबून बघ, लाजू नकोस. एकदा गेलास त्याच वाटेने परत येऊ नकोस, वरच्या अंगाने ये. वरून बघितलं की ढोरांची वाट वेगळी आणि रानातल्या जनावराची वेगळी हे डोळ्याला आपोआप कळतं. वारा कायम तोंडावर घे. आणि संध्याकाळी पाणवठ्यावर जाऊन बस. पाण्यावर सगळे येतात.

आमच्याकडे सध्या कारवी छातीपर्यंत आली आहे आणि तुंगाराच्या दुसऱ्या सोंडेवर पायवाट अजिबात दिसत नाही. अशा वेळी पायांनी वाट चाचपायची असते. तुझ्याकडेही झाडोरा असेल तर तसंच कर.

वाडीत मला आता काम उरलेलं नाही. केळीला पाणी सोडायचं म्हणजे पंपाचं बटण दाबायचं. मग दिवसभर ओट्यावर बसून येणारे-जाणारे बघायचे. सुझान शाळेत शिकवून आली की विचारते, दिवसभर काय केलंत? मी सांगतो, बसलो.

काय दिसलं ते सविस्तर कळव. थोडक्यात लिहू नकोस.

ज्युलियस


अल्बर्टा
१२ ऑगस्ट १९९७

प्रिय पप्पा,

तुमचं पाणवठ्याचं सांगणं इथे चालत नाही. इथे प्रत्येक घळीत झरा आहे. जनावराला पाण्यासाठी कुठे जावं लागतच नाही. मी एका तळ्याकाठी दोन संध्याकाळी बसलो, वारा तोंडावर घेऊन, तुम्ही म्हणालात तसा. दुसऱ्या संध्याकाळी समोरच्या काठावर अस्वलाची मादी आली, दोन पिल्लांसकट. माझा वास तिला येत नव्हता, म्हणून ती पाण्यात उतरून सरळ माझ्याकडेच यायला लागली. मी उभा राहून इंग्रजीत, मराठीत, जे सुचेल ते मोठमोठ्याने बोलत मागे मागे सरकत गेलो. ती थांबली, पिल्लांना घेऊन वळली. गाडी काढली आणि सरळ घर गाठलं. वॉल्टर म्हणाला, “तुझ्या वडलांच्या डोंगरात अस्वलं नसतील. इथे अधूनमधून आवाज करत चालायचं.”

पण खाली बघायचं तुमचं सांगणं लागू पडलं. गेल्या शनिवारी मी वरच्या अंगाने परत येत होतो आणि खाली उतारावर एक रेघ दिसली. मधे कुठेच तुटत नव्हती. तिच्यामागे उतरलो तर एक चिखलाचा खड्डा, उग्र वासाचा, म्हशीने बसावं तसा तुडवलेला. शेजारच्या झाडाची साल माझ्या डोक्याच्याही वर सोललेली. मी तिथे किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. जनावर दिसलं नाही, पण ते आहे हे पक्कं झालं.

तुम्हाला कारवी, सोंडा, पायवाटा हे सगळं इतक्या वर्षांनी अजून इतकं आठवतं याचं नवल वाटलं.

ज्युली म्हणते, इतका बोलताना तुला कधी पाहिलं नव्हतं.

स्टॅनी


गिरीज
३० ऑगस्ट १९९७

चि. स्टॅनी यास आशीर्वाद.

अस्वलाचं वाचून माझी जेवणावरची वासना गेली. तुझ्या मुलखात मी कधी आलो नाही हे विसरून मी तुला पाणवठ्यावर बसायला सांगितलं. पाणवठ्याचं सोडून दे. वॉल्टरचं ऐक.

खड्ड्याचं मात्र बरोबर आहे. ती लोळण. सांबर लोळतं, डुक्करही लोळतं, आणि अंग घासायला झाड शेजारचंच धरतं. मी मंगळवारी बघितली तिच्यात पाणी अजून गढूळ होतं, म्हणजे जनावर उठून घटकाही झाली नव्हती. हे मी जुनं लिहितो आहे. पूर्वीच्या एका मंगळवारचं.

लोळणीपासून जनावर कधीच सरळ निघत नाही. आडवं जातं, मग वर चढतं. तू खड्ड्याभोवती एक मोठा फेरा मार आणि बाहेर पडणारे माग किती ते बघ. सगळ्यात जुना, खोल गेलेला माग असेल तो धर. श्रीपत म्हणतो, “दादा, पानी बदलतं, पन जनावराची सवय बदलत नाय.” श्रीपत तुला आठवत असेल, पारोळकडचा, माझ्याबरोबर रानात असायचा. तो आता बराच थकला आहे, पण सून भागूबाई त्याचं सगळं बघते.

मागच्या पत्रात नकाशा काढला नव्हतास. या वेळी काढून पाठव.

हे पत्र सुझानला दाखवलेलं नाही. तिच्या शाळेच्या परीक्षा आहेत.

ज्युलियस


गिरीज
४ सप्टेंबर १९९७

प्रिय स्टॅनी,

हे पत्र पप्पांना माहीत नाही.

तू त्यांना ती पत्रं लिहिणं बंद कर. मी विनंती करत नाही, सांगते आहे.

तुझं पत्र आलं की त्यांचा पाय घरात ठरत नाही. जुलैपासून ते आठवड्यातून दोनदा ‘पारोळला खत बघायला’ जातात. मला आधी बरंच वाटलं, घराबाहेर पडतात म्हणून. मग एक दिवस बसच्या कंडक्टरने मला विचारलं, “टीचर, तुमचे पप्पा या पावसात तुंगारावर काय करतात? गुडघाभर चिखलाने येतात, सीट खराब होते.” घरी येऊन त्यांच्या चपला बघितल्या. विचारलं तर म्हणाले, वाडीत होतो. आपल्या वाडीतली माती काळी आहे रे. चपलांवरची तांबडी होती.

ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला आहे. रक्तदाबाची गोळी मी हातावर ठेवली तरच घेतात. वर दगडांवर शेवाळ आहे, खाली हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. मी वर्गात मुलांना शिकवत असते आणि माझं लक्ष खिडकीबाहेर पूर्वेला, डोंगराकडे असतं. फळ्यावर काय लिहिलं ते मलाच वाचता येत नाही.

तू तिकडे भटकतोस, ते इकडे भटकतात. मी कुठे जाऊ?

चर्चबद्दल लिही, थंडीबद्दल लिही, ज्युलीच्या नोकरीबद्दल लिही. डोंगराबद्दल एक अक्षर नको.

तुझी बाय,
सुझान


अल्बर्टा
१९ सप्टेंबर १९९७

प्रिय बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि लाज वाटली. पप्पा पत्रात ‘मंगळवारी बघितली’ असं लिहून मग सारवासारव करत होते, ते मला कळलं नाही असं नाही. कळलं होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

तुला राग येईल, तरी लिहितो. पस्तीस वर्षांत माझे वडील माझ्याशी पहिल्यांदा बोलत आहेत. लहानपणी ते वाडीतून यायचे, जेवायचे, झोपायचे. तुझ्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. आता प्रत्येक पत्रात विचारतात, पुढे काय झालं. हे बंद कर म्हणतेस, तर पुन्हा ‘तब्येत बरी’ एवढंच उरणार.

पण ते पडले तर मी इथून काय करू शकतो? तू आहेस तिथे. तुझंच बरोबर.

सोबत त्यांना वेगळं पत्र आहे. तू आधी वाचून दे. त्यात खोटं आहे. शिकार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि मी जाणार आहे.

स्टॅनी


(सोबतचं पत्र)

प्रिय पप्पा,

वॉल्टरची कंबर जास्तच दुखावली आहे, त्यामुळे यंदाची शिकार रद्द झाली. मीही डोंगरावर जाणं थांबवलं आहे. वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम सुरू आहे. थंडी पडायला लागली. ज्युलीची शनिवार-रविवारची ड्यूटी आता बदलली आहे. रविवारी मिस्साला जातो. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा,
स्टॅनी


गिरीज
७ ऑक्टोबर १९९७

चि. स्टॅनी,

तुझं पत्र मिळालं. लहान होतं.

शिकार रद्द झाली तर होऊ दे. पण माग काढणं तू सोडलंस हे मला पटलं नाही. तीन महिने चाललास, लोळणीपर्यंत पोचलास, आणि आता ओव्हरटाइम. मला तुझं अक्षरही वेगळं वाटलं. तुला तिथे काही त्रास आहे का? कुणी काही बोललं का? मन उतरलं असेल तर तसं लिही.

मी सुझानशी खोटं बोललो आहे, ते तुला सांगतो. मी तुंगारावर जातो. तू थांबला आहेस तोवर तुझ्या वाटणीचंही मीच चालतो म्हण. दुसऱ्या सोंडेच्या पलीकडच्या घळीत मी अजून उतरलेलो नाही. तिथे सांबर अजून आहे असं मी म्हणतो, श्रीपत नाही म्हणतो, आमची पैज लागली आहे. पाऊस उघडला आहे. येत्या आठवड्यात जाऊन बघतो आणि तुला कळवतो. वाचून तुला पुन्हा चालावंसं वाटेल.

ज्युलियस


गिरीज
२१ ऑक्टोबर १९९७

प्रिय स्टॅनी,

फोनवर मला रडू आलं आणि तुझे पैसे तसेच जळत राहिले. आता नीट लिहिते.

गुरुवारी सकाळी मी शाळेत गेल्यावर ते निघाले. संध्याकाळी आले नाहीत. मी श्रीपतकाकांच्या पाड्यावर निरोप पाठवला, तर निरोप आला की दुपारी इथे भाकर खाऊन एकटेच वर गेले. अंधारात कुणी वर जाऊ शकत नव्हतं. ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

उजाडताच भागूबाईबरोबर मी चढले. तिने मला आधी परत पाठवायचा प्रयत्न केला. म्हणाली, “टीचर, साडीत नाय जमायचं.” मी साडी खोचून घेतली. गवत माझ्या डोक्याएवढं होतं, वाळून निसरडं झालेलं. मी दोनदा पडले, हात सोलवटला. ती थांबायची, हाक मारायची, ऐकायची, पुढे निघायची. मीही हाका मारत होते. आधी ‘पप्पा’, मग ‘ज्युलियस’. वडलांचं नाव घेऊन मी त्यांना आयुष्यात कधी हाक मारली नव्हती.

ऊन चढल्यावर ते सापडले. घळीत उतरताना खाली घसरले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. तिथेच पडून राहिले असते तर आम्हाला सापडलेच नसते. पण पाय ओढत, कोपरांवर सरपटत ते गुरांच्या वाटेपर्यंत आले होते. सकाळी तिथून कुणीतरी जाणार हे त्यांना माहीत होतं. अंगावर मुंग्या होत्या. ओठ काळे पडले होते. मला बघून म्हणाले, “तुझी शाळा बुडाली.”

पाड्यावरच्या चौघांनी झोळी करून खाली आणलं. ऑपरेशन झालं, सळई बसवली आहे. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन घरातल्या घरात चालतील. डोंगराचं मी विचारलं नाही.

स्टॅनी, ते घसरले यात तुझी चूक शोधू नकोस. तू लिहीत होतास तेव्हा ते ओळखीच्या वाटांनी जात होते. मी खोटं पत्र पाठवायला लावलं आणि ते तुझ्यासाठी नव्या घळीत उतरले. झोळीबरोबर उतरताना त्यांनी हे मला सगळं सांगितलं. त्याचं मन उतरलं आहे, त्याला काहीतरी चांगलं कळवायचं होतं, म्हणाले. खोट्या पत्राचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तू त्यांना खरं लिही.

सुझान


अल्बर्टा
५ नोव्हेंबर १९९७

प्रिय पप्पा,

तुमचं सात तारखेचं पत्र मला बायच्या फोननंतर आलं. ते मी उघडं ठेवून बसलो आणि वर्कशॉपला गेलो नाही.

शिकार रद्द झाली नव्हती. बायला तुमची काळजी होती आणि मलाही. आम्ही ठरवून तुमच्याशी खोटं बोललो. माझं मन उतरलेलं नव्हतं. तुम्ही घळीत उतरलात त्याच्या बारा दिवस आधी मी शिकार करून आलो होतो.

लोळणीपासून खोल गेलेला माग धरला होता, तुम्ही म्हणालात तसा. तो आडवा जाऊन एका खिंडीत चढत होता. आम्ही पहाटेपासून खिंडीच्या वर बसलो. वॉल्टर माझ्या कानाशी म्हणाला, “मी इथवर आलो हेच खूप. गोळी तू घाल.” खालून नराने शीळ घातली, लांब, बासरी फाटावी तशी. मग तो मोकळ्यावर आला. तोंडातून वाफ निघत होती. मी घोडा दाबला. तो चार पावलं चालला आणि बसला.

एवढंच झालं. वॉल्टरने माझी पाठ थोपटली. मला वाटलं होतं आनंद होईल. मी त्याच्याजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, ती गरम होती. तीन महिने मी त्याच्या मागे फिरलो, तो कुठे जेवतो, कुठे झोपतो ते मला माझ्या शेजाऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि आता खिंडीत यायला कुणी नव्हतं. मांस पाठीवरून खाली आणायला संध्याकाळ झाली. ज्युलीने ते शिजवलं, चांगलं झालं होतं, मी खाल्लं. तेव्हापासून झोप नीट नाही.

शिकारीआधी काय करायचं ते तुम्ही सगळं लिहिलंत. नंतर काय करायचं ते लिहिलं नाहीत. तुम्ही काय करत होतात?

नाताळला आम्ही दोघं येत आहोत. तिकिटं काढली.

स्टॅनी


गिरीज
२३ नोव्हेंबर १९९७

चि. स्टॅनी यास आशीर्वाद.

मला पाठीवर झोपवून ठेवलं आहे म्हणून सुझान लिहिते आहे. मी सांगतो तसंच लिहायचं असं तिला बजावलं आहे.

खोटं तिघेही बोललो. तो विषय संपला.

तू विचारलंस, नंतर काय करत होतो. नंतर आम्ही काही बोलत नसू. श्रीपत विडी पेटवायचा, मी बसून राहायचो. घरी आलो की लोक जमायचे, वाटे व्हायचे, तुझी आई मसाला वाटायची. मी विहिरीवर जाऊन हात धूत बसायचो. दोन-तीन दिवस मला कुणाशी बोलवत नसे. तुला वाटायचं पप्पा रागावले आहेत. तसं नव्हतं.

शेवटची तीन वर्षं मी बंदूक नेली, पण चालवली नाही. आठवडाभर माग काढायचो, जनावर समोर यायचं, मी बघायचो आणि परत यायचो. गावात म्हणू लागले, ज्युलियसची नजर गेली. श्रीपतला खरं माहीत होतं, तो कुणाला बोलला नाही.

बंदी आली तेव्हा मी बंदूक चौकीत जमा केली आणि मला हलकं वाटलं. पण त्याच दिवसापासून डोंगरावर जायला माझ्याकडे कारण उरलं नाही. वाडीवाला माणूस काम नसताना रानात कशाला जातो, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? तुला काय सांगून नेणार होतो? म्हणून मी गेलो नाही. पंचवीस वर्षं गेलो नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मला कारण मिळालं. मुलगा विचारतो आहे, त्याला बघून सांगायचं आहे.

तू पुढच्या वर्षी गोळी घालशील की नाही ते तू ठरव. पण चालणं सोडू नकोस. कारण सापडेपर्यंत थांबलास तर माझ्यासारखा थांबशील.

पैज मी हरलो आहे असं धरू नकोस. घळीचा तळ मी बघितलेला नाही.

ज्युलियस

स्टॅनी, पुढचं माझं आहे. पप्पा झोपले आहेत.

हे सगळं लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. ‘दिवसभर काय केलंत’ असं मी त्यांना रोज विचारत होते.

आणखी एक सांगायचं आहे. त्या सकाळी गवतातून चढताना मी घाबरले होते, पण त्या दिवसापासून मला वर्गात, घरात, कुठेच बसवत नाही. भागूबाईला मी सोबत ये म्हणून निरोप पाठवला होता. आज मिस्सा झाल्यावर मी निघाले, पंजाबी ड्रेस आणि मुलांच्या पीटीचे बूट घालून. चर्चच्या पायऱ्यांवर फादर सिप्रियननी अडवलं. “टीचर, या वेशात कुठे?”

“तुंगारावर.”

“तिथे काय काम काढलंत?”

चारचौघी थांबून ऐकत होत्या. मी म्हटलं, “काम काही नाही, फादर. जाऊन येते.”

मग मी गेले. घळीच्या तळापर्यंत उतरले. पप्पा उठले की त्यांना काय सांगायचं ते अजून माझं जुळत नाही, म्हणून आधी तुला लिहायला बसले. पाय खूप दुखत आहेत.

सुझान